किती वेळ खेळतो हे नंतर विचारा, कोणाबरोबर खेळतो हे आधी

रात्री जेवणे आटोपली, भांडी घासून झाली, दिवा मालवला, तरी माळ्यावरून आवाज येतच असतो. "मागे बघ, मागे! दोघे आहेत. नॉक झालो, रिवाइव्ह दे लवकर!" खाली अंथरुणावर पडलेली आई पुटपुटते, "एकटाच बडबडतोय मोबाईलशी. डोक्यावर परिणाम झालाय पोराच्या." पण पोरगा एकटा नसतो आणि मोबाईलशीही बोलत नसतो. तो तीन मुलांशी बोलत असतो. एक मागच्या गल्लीतला, त्याच्याच वर्गातला. दुसरा परभणीकडचा मामेभाऊ. आणि तिसरा कोण, हे त्या घरात कोणालाच ठाऊक नसते. पुष्कळदा पोरालाही ठाऊक नसते.

आपण घरात गेमविषयी बोलतो तेव्हा एकाच गोष्टीवर बोलतो: किती तास? डोळे जातील, मान धरेल, अभ्यास बुडेल. यातले काही खोटे नाही. परंतु आरोग्य म्हणजे केवळ डोळे आणि मान नव्हे. मुलाची संगत कशी आहे यावरही त्याची झोप, त्याचा राग, त्याचा जीव रमणे न रमणे ठरत असते. हे आपल्या आजीला शाळेत न जाताही कळत होते. माझे म्हणणे इतकेच की, इंटरनेटमुळे व्हिडिओ गेममध्ये सर्वांत मोठा बदल झाला तो संगतीत. आणि आपण मात्र अजून घड्याळाकडेच बघत बसलो आहोत.

संगत तेव्हा डोळ्यांसमोर होती

व्हिडिओ गेम काही काल आलेला नाही. अमेरिकेत अटारी कंपनीने ‘पाँग’ हा टेबल टेनिससारखा खेळ १९७२ साली आणला. आपल्या शहरांत नाक्यानाक्यावर गेम पार्लर दिसू लागले ते बरेच नंतर. आज चाळिशीत असलेल्या अनेक बापांना ते आठवत असेल. मशीनमध्ये कॉइन टाकायचा, एकाने खेळायचे आणि पाच जणांनी मागे उभे राहून शिकवायचे. कॉइन संपला की डाव संपला. दुकानदाराला प्रत्येक पोरगा कोणाचा, हे माहीत असे. शाळेच्या वेळेत दिसला तर संध्याकाळपर्यंत बातमी घरी पोहोचे. रात्री शटर ओढले की सगळे घरी.

पुढे टीव्हीला जोडायचा गेम आला. मारियो, कॉन्ट्रा अशा कॅसेट असत. ज्याच्या घरी तो गेम, त्याच्या दारात गल्लीतल्या सगळ्या चपला. रिमोट दोनच, म्हणून हरणाऱ्याने उठायचे आणि पुढच्याने बसायचे. मग सायबर कॅफे आले. तिथे संगणक एकमेकांना वायरने जोडलेले असत आणि काउंटर स्ट्राइकमध्ये आपल्याला गोळी घालणारा शेजारच्याच खुर्चीवर बसलेला असे. त्याला शिवी दिली तर तो उठून कॉलर धरी. त्यामुळे तोंड जरा सांभाळून वापरावे लागे.

जुने ते सगळे सोने होते, असे मला म्हणायचे नाही. पार्लरमध्ये मारामाऱ्या होत, घरातले पैसे चोरून कॉइन घेतले जात, शाळाही बुडे. मुलींना तर तिथे पाऊल टाकायची सोय नव्हती. पण एक गोष्ट होती. मूल कोणात बसते-उठते, हे चार माणसांना दिसत होते.

मैदान मोबाईलमध्ये गेले

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले आणि डेटा एकदम स्वस्त झाला. मार्च २०१८ मध्ये पबजी मोबाईल आला. एका सामन्यात १०० पर्यंत खेळाडू विमानातून एका बेटावर उतरतात, एकमेकांना बाद करतात आणि शेवटी जो टिकतो तो जिंकतो. चौघांचा स्क्वॉड करता येतो आणि माईक चालू करून बोलता येते. फ्री फायर हा तसाच खेळ कमी किमतीच्या फोनवरही चालतो. नाक्यावरचे पार्लर, गल्लीतला टीव्ही आणि सायबर कॅफे हे तिन्ही एका खिशात मावले. फक्त शटर ओढणारा दुकानदार तेवढा राहून गेला.

यात मुलांनाच दोष देणे बरोबर नाही. आपल्या वस्तीत खेळायला जागा उरली कुठे? जिथे लगोरी, क्रिकेट, कबड्डी चालायची, तिथे आज रिक्षा, टेम्पो आणि मोटारसायकली उभ्या असतात. घर दहा बाय बाराचे, त्यात पाच-सहा माणसे. पोराने चेंडू मारला तर कोणाच्या तरी काचेवर बसतो. मुलगी तर वयात आली की अंगणातसुद्धा नको. अशा मुलामुलींना गेममधले बेट म्हणजे पळायला मिळालेले पहिले मोकळे मैदान वाटले, तर नवल कसले? मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागले, शाळा बंद झाल्या आणि अभ्यासासाठी म्हणून फोन हातात आला. त्या दिवसांत वर्गातले मित्र भेटायचे ठिकाण म्हणजे गेमची लॉबीच होती. शाळा उघडल्या, तरी भेटण्याची ती जागा कायम राहिली.

"येतो ना, दोन मिनिटं"

पूर्वीचा टीव्हीवरचा गेम थांबवता येत होता. बटण दाबले की मारियो हवेतच थांबे, आणि पोरगा जेवून येई. आजचा ऑनलाइन गेम थांबत नाही. आई हाक मारते तेव्हा सामना मध्यावर असतो आणि तीन साथीदार त्याच्यावर विसंबून असतात. तो उठला तर स्क्वॉड हरतो, सगळ्यांचा रँक खाली जातो, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत ऐकावे लागते, "भित्रा आहे, मध्येच पळतो." आईला वाटते, पोराला मोबाईल माझ्यापेक्षा प्यारा झाला. पोराला वाटते, मित्रांना तोंड कसे दाखवू. दोघांच्या मनात वेगळेच चाललेले असते आणि ताट गार होते.

हे लक्षात आले तर भांडण निम्मे कमी होते. "आत्ताच्या आत्ता बंद कर" म्हणण्यापेक्षा "हा सामना संपला की नवा लावायचा नाही" असे म्हणा. फ्री फायरचा सामना दहा-पंधरा मिनिटांत संपतो, पबजीसारखा खेळ अर्ध्या तासापर्यंत जातो. जेवायची वेळ आधी सांगून ठेवली तर मूल स्क्वॉडलाही सांगू शकते, "नऊला मी निघणार." आणि नऊला खरेच निघायचे. हा शब्द त्याने पाळायचा आणि त्याच्या चालू सामन्यात फोन हिसकायचा नाही, हा शब्द आपण पाळायचा.

त्या मैत्रीला खोटी म्हणू नका

"ही कसली मैत्री? कधी तोंड पाहिले नाही एकमेकांचे." असे आपण सहज बोलून जातो. याबाबत नॉर्वे देशातील एक खरी हकीकत सांगण्याजोगी आहे.

मॅट्स स्टीन नावाचा मुलगा. त्याला ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी हा जन्मजात आजार होता. या आजारात अंगातले स्नायू वर्षागणिक दुबळे होत जातात. तो लहानपणीच चाकाच्या खुर्चीत बसला आणि पुढे बोटांपुरती हालचाल उरली. दिवसाचे अनेक तास तो ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा ऑनलाइन गेम खेळे. आई-वडील जीव लावणारे होते, पण पोरगा एकटाच राहिला, त्याला ना मित्र मिळाले ना कोणाच्या उपयोगी पडता आले, याचे दुःख त्यांना होते. २०१४ साली, वयाच्या २५ व्या वर्षी मॅट्स गेला. वडिलांनी त्याच्या इंटरनेटवरच्या पानावर ती बातमी लिहिली. त्यानंतर वेगवेगळ्या देशांतून पत्रे येऊ लागली. गेममध्ये ‘इबेलिन’ नावाने वावरणारा हा मुलगा अनेकांचा जिवाभावाचा मित्र होता. कोणाच्या वाईट दिवसांत त्याने धीर दिला होता, एका आईला आपल्या स्वमग्न मुलाशी जवळीक कशी साधावी याची वाट दाखवली होती. त्यातले काही मित्र परदेशांतून अंत्यसंस्काराला आले. या हकीकतीवर पुढे माहितीपट निघाला आणि तो २०२४ साली जगभर पाहिला गेला.

या हकीकतीतून मी दोन गोष्टी घेतो. पहिली, पडद्यापलीकडची मैत्री खरी असू शकते. आपल्या वस्तीतही असे मूल असेल: पायाने अधू, अडखळत बोलणारे, वर्गात मागे बसणारे, नुकतेच गाव सोडून आलेले. त्याला बोलावणारी माणसे कदाचित तिथेच भेटली असतील. त्याचा फोन एका फटक्यात काढून घेतला, तर एक खेळ जाईल आणि त्याच्याबरोबर सगळे मित्रही जातील. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. इतके प्रेमळ आई-बाप एकाच घरात राहत होते, तरी मुलाचे मित्र कोण, हे त्यांना तो गेल्यावर कळले. त्यांच्या बाबतीत जे दडलेले होते ते चांगले निघाले. प्रत्येक घरात तसेच निघेल, याची खात्री नाही.

तिसरा माणूस

म्हणून त्या तिसऱ्या माणसाकडे वळू. गेम अनोळखी माणसांचा स्क्वॉड आपोआप जुळवून देतो. तेरा वर्षांच्या पोराच्या कानात तीस वर्षांचा माणूस बोलू शकतो. त्याचे नाव, गाव, वय सगळे बनावट असू शकते. गेममध्ये चार दिवस मदत करायची, स्किन किंवा डायमंड भेट द्यायचे, आणि मग म्हणायचे, "व्हॉट्सॲपवर ये ना, इथे नीट बोलता येत नाही." पुढे फोटो मागायचा. ही चाल ओळखायला शिकवा. मुलाला एक साधी खूण द्या: अनोळखी माणूस गेममधून बाहेर दुसऱ्या ॲपवर बोलावू लागला, फोटो, पत्ता किंवा ओटीपी मागू लागला, किंवा "घरी सांगू नकोस" म्हणाला, की लगेच घरी सांगायचे. आणि सांगितल्यावर घरच्यांनी फोन काढून घ्यायचा नाही, ही आपली बाजू. सांगितल्याची शिक्षा मिळते हे एकदा कळले की मूल पुन्हा काही सांगत नाही.

दुसरी गोष्ट शिव्यांची. पार्लरमधल्या शिवीला कॉलर धरणारा हात होता. इथे शिवी देणारा शंभर मैलांवर असतो. आयडीवरचे आडनाव किंवा नावापुढचे ‘जय भीम’ पाहून जातीवरून बोलणारेही भेटतात. घराबाहेर कधी असा शब्द न ऐकलेले मूल तो पहिल्यांदा हेडफोनमधून ऐकते, रात्री, एकटे असताना. ते कोणाला सांगत नाही, चिडचिड करते, आणि आपण म्हणतो गेममुळे बिघडले. मुलाला आधी सांगा की त्यात त्याचा कमीपणा काही नाही, कमीपणा बोलणाऱ्याचा आहे. उलट शिव्या देत बसण्यापेक्षा स्क्रीन रेकॉर्डिंग ठेवावे, त्या खेळाडूला ब्लॉक करावे, गेममधूनच तक्रार करावी, आणि प्रकार धमकीपर्यंत किंवा वारंवार जातीवर गेला तर तो पुरावा घेऊन सायबर पोलिसांकडे जावे.

मुलींचे दुःख आणखी वेगळे. माईकवर मुलीचा आवाज आला की कोणी घाण बोलतो, कोणी नंबर मागतो. त्यामुळे अनेक मुली मुलाचे नाव घेऊन, माईक बंद ठेवून खेळतात. घरी कळले तर पहिला फोन तिचाच जातो, भावाचा राहतो. हे बरोबर नाही. तिला त्रास देणारा दुसराच असतो आणि शिक्षा तिला होते. भावाला जितका वेळ तितकाच बहिणीला, आणि भावाला जे नियम तेच तिला, एवढा न्याय घरात तरी असावा.

तिसरी गोष्ट पैशांची. मित्राकडे नवी स्किन आहे, माझ्याकडे नाही, म्हणून वीस रुपये, पन्नास रुपये करत आईच्या खात्यातून टॉप-अप होत राहतो. "एंट्री फी भर, जिंकलास तर दुप्पट" अशा कस्टम रूम चालवणारे असतात. "आयडी विकतो, आधी पैसे पाठव" म्हणून फसवणारे असतात. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आहे, हे मोठ्या भावांनीही ध्यानात ठेवावे. पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

बंदीने गर्दी फक्त दुसरीकडे जाते

काही जण म्हणतील, एवढा व्याप कशाला, गेमच बंद करा. तेही करून झाले आहे. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने पबजीवर बंदी घातली. कारण मुलांचे आरोग्य नव्हते, देशाची सुरक्षा हे होते. पोरे फ्री फायरकडे गेली. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ बीजीएमआय या नावाने परत आला. फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायरवर बंदी आली, तर पोरे फ्री फायर मॅक्सवर गेली. पोरे जिथे मित्र जातील तिथे जातात, गेमचे नाव कोणतेही असो. बीजीएमआयने अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती आणि दिवसाला ३ तासांची मर्यादा जाहीर केली. पण वयाच्या रकान्यात खोटे साल टाकले की तो नियमही कागदावर राहतो. कंपनीचे कुलूप आपल्या घराला पुरणार नाही.

मग करायचे काय?

"आम्ही सकाळी सहाला कामाला जातो, रात्री येतो. लक्ष कधी ठेवणार?" असे विचारणाऱ्या ताई-दादांचे खरे आहे. म्हणूनच दिवसभर पाळत ठेवायला मी सांगत नाही. जेवताना विचारता येतील इतकेच चार प्रश्न सांगतो. आज कोण कोण होते तुझ्या स्क्वॉडमध्ये? त्यातल्या कोणाला तू प्रत्यक्ष ओळखतोस? कोणी वाकडे बोलले का? कोणी काही मागितले का? पोलिसासारखे विचारू नका. शाळेत काय झाले, हे विचारतो त्या सुरात विचारा. दोन-चार दिवस पोरगा "तुला काय कळतंय" म्हणेल. मग स्वतःच सांगू लागेल.

एखाद्या रविवारी त्याच्या शेजारी बसून एक सामना पाहा. आवडला नाही तरी पाहा. माईक कानात नको, आवाज स्पीकरवर ठेव, असे सांगा. घरात सगळ्यांना ऐकू येणार असेल तर पलीकडचा आणि अलीकडचा, दोघांचीही जीभ आवरते.

झोपेबाबत मात्र तडजोड नको. तेरा ते अठरा वयाच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते. रात्री ठरल्या वेळी घरातले सगळे फोन एकाच जागी चार्जिंगला लागावेत, आई-बाबांचेही. बाप रील बघत जागा आणि पोराला उपदेश, हे चालत नाही.

आणि वस्तीनेही काही करावे. समाजमंदिराचे किंवा विहाराचे अंगण आठवड्यातून दोन संध्याकाळी गाड्या हलवून मोकळे ठेवता येते. एक संध्याकाळ मुलींसाठी ठेवावी. कॅरम, कबड्डी, दोरीच्या उड्या, याला खर्च फारसा नाही. गल्लीतली जी चार पोरे स्क्वॉडमध्ये एकत्र असतात, त्यांना एकदा समोरासमोर बसवून खेळू द्यावे. शेजारी कॉलेजात जाणारा एखादा दादा, एखादी ताई असावी. पोरांना गेममधले प्रकार तेच चांगले समजावू शकतात.

आजार कधी म्हणावा

प्रत्येक खेळणारे मूल व्यसनी नसते. जागतिक आरोग्य संघटनेने ‘गेमिंग डिसऑर्डर’ हा आजार आपल्या यादीत घेतला, ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्याच्या तीन खुणा आहेत. खेळण्यावर ताबा राहत नाही. बाकी सगळ्या गोष्टींपेक्षा गेम वरचढ होतो. आणि नुकसान दिसत असूनही खेळणे वाढतच जाते. शाळा, घर, नाती यांवर ठळक परिणाम होईल इतके हे साधारण १२ महिने चालले तर आजार समजतात. एका परीक्षेत कमी गुण पडले म्हणून मुलाला वेडा ठरवू नये. पण मूल शाळाच सोडू लागले, प्रत्यक्षातले मित्र तुटले, जेवण-आंघोळ सुटली, मरणाची भाषा करू लागले, तर वाट पाहू नये. सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत चालते आणि मराठीत बोलता येते. मुलावर कोणी अत्याचार करत असेल, धमकावत असेल तर १०९८ हा बालकांसाठीचा क्रमांक आहे. हे क्रमांक घरात कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवा.

मुलाच्या वर्गातल्या मित्रांची नावे आपल्याला येतात. शेजारच्या पोरांची येतात. आता त्याच्या स्क्वॉडमधल्या तिघांचीही नावे विचारून घ्या. दोन सांगता आली आणि तिसरे आले नाही, तर बोलायला सुरुवात तिथूनच करा.